परकोट ते पर्लकोटा

भामरागडची सहल चांद्यापासून, म्हणजे आजच्या चंद्रपूरपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. नागपूरहून गडचिरोलीमार्गे तडक आलापल्ली गाठणारे पुष्कळ आहेत. पण तसं गेलं की भामरागड हे राज्याच्या टोकाला असलेलं एक दूरचं गाव, एवढंच हाती लागतं. चंद्रपूरच्या परकोटातून निघून तीन नद्यांच्या संगमापाशी पोचणाऱ्याला मात्र मधल्या मुलखाचा इतिहास वाटेतच भेटत जातो. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी भामरागडचा कारभार चांद्याहूनच चालायचा. अगदी मागे गेलं, तर गोंड राजांची गादीही चांद्यालाच होती.

म्हणून आम्ही पहिला मुक्काम चंद्रपूरला केला आणि सकाळी उन्हं तापायच्या आत परकोट बघायला निघालो. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट इथे अजून घरोघरी सांगतात. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला निघाला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातलं पाणी तो प्यायला आणि रात्रीतून बरा झाला. त्या जागी आज अंचलेश्वराचं देऊळ आहे. पुढे एक ससा राजाच्या कुत्र्यामागे धावला, आणि ससा जिथून जिथून पळाला त्या वाटेवरून तट बांधायचं ठरलं. गोष्ट खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. तट मात्र डोळ्यांसमोर उभा आहे. १५व्या शतकात त्याचा पाया घातला गेला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला. घेर १०-११ किलोमीटरचा. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दोन्ही नद्यांच्या बेचक्यात वसलेलं गाव. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी, शिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. वेशींवर हत्तीला खाली दाबून उभा असलेला सिंह कोरलेला आहे. तीच गोंड राज्याची मुद्रा.

जटपुरा वेशीखालून आजही शहराची सगळी रहदारी जाते. रिक्षा, दुचाक्या, शाळेच्या गाड्या, आणि त्यातून वाट काढणारे पायी लोक. वेस बघायला थांबणाऱ्याला उभं राहायला जागा सापडत नाही. पठाणपुऱ्याकडे मात्र शांतता आहे, तिथे तटाची रुंदी आणि दगडांची जुळणी नीट बघता येते. हा तट काही वर्षांपूर्वीपर्यंत झाडोऱ्यात गडप झाला होता. २०१७मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुणांनी पुरातत्त्व खात्याच्या संमतीने रोज सकाळी श्रमदान सुरू केलं आणि महिनोन्महिने झुडपं, कचरा, माती उपसून बुरूज मोकळे केले. सरकारी निविदेची वाट न बघता गावातल्या पोरांनी आपल्या गावाचा तट हातांनी साफ करावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. इटलीतल्या लुक्का गावाचा तट जेमतेम ४ किलोमीटरचा आहे, पण त्यावर झाडं लावून, चालायची वाट करून गावकऱ्यांनी तो रोजच्या वापरात आणला आणि जगभरचे प्रवासी त्यासाठी तिथे जातात. चांद्याचा तट त्याच्या दुपटीहून मोठा. इथेही हे व्हायला हवं.

अंचलेश्वर वेशीपाशी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत देखणी बिरशहाची. ती बांधून घेतली राणी हिराईने. १७०४च्या सुमारास बिरशहाचा खून झाला, गादीला औरस वारस नव्हता. हिराईने दत्तक घेतलेल्या लहान रामशहाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि तो पंधराएक वर्षं चालवला. महाकालीचं आजचं देऊळही तिनेच उभारलं. चैत्रात नांदेडकडून, तेलंगणातून लाखो भाविक देवीला येतात, झरपटीत अंघोळ करतात. नवऱ्याची समाधी आणि गावाची देवी, ही दोन्ही कामं एकाच बाईच्या हातची आहेत. शाळेच्या पुस्तकात तिला अजून हवी तेवढी जागा मिळालेली नाही. १७५१मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य घेतलं, शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला आणि गोंडांची गादी संपली.

वेळ असेल तर बाबूपेठेतलं अपूर्ण देवालय बघावं. एकेका अखंड दगडातून घडवलेल्या प्रचंड मूर्ती तिथे उघड्यावर आहेत. देऊळ बांधायचं राहून गेलं आणि देव तसेच थांबले. दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण म्हणतात.

चांद्यातली आणखी एक जागा भामरागडच्या वाटेशी थेट जोडलेली आहे. ती म्हणजे कारागृहाच्या आवारातला पिंपळ. अहेरीजवळच्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला बाबूराव शेडमाके १८५८मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. गोंड, माडिया, रोहिले जमवून त्याने कंपनीच्या फौजेशी लढाया दिल्या. जंगलात तो हाती लागेना, तेव्हा इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदार राणीवर दडपण आणून त्याला धरलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्यात याच पिंपळावर फाशी दिलं. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. आजही दर वर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव त्या पिंपळापाशी जमतात. २००९मध्ये टपाल खात्याने त्याच्या नावाचं तिकीट काढलं. ज्या जंगलाच्या भरवशावर तो लढला, तेच जंगल आपल्याला पुढच्या प्रवासात लागतं.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी आणि मग आष्टी. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. इथून थोड्या अंतरावर, चपराळ्यापाशी, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि त्यांची प्राणहिता होते. तिथलं अभयारण्य १९८६चं आहे. रस्त्याला सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांची रांग असते. दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं लाल धुळीने माखलेली दिसतात. खाण आली म्हणून हाताला काम मिळालं असं सांगणारे भेटतात, आणि रस्त्यावर जीव मुठीत धरून चालावं लागतं असं सांगणारेही भेटतात. दोघंही खरं बोलतात.

आलापल्ली हे सागवानाचं गाव. नवं बांधकाम, जुने वनखात्याचे बंगले, लाकडाचे डेपो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये बल्लारपूरहून जे सागवान गेलं, ते याच पट्ट्यातल्या जंगलांचं. चौकात उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया, हिंदी आणि बंगालीही कानावर पडते. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं वसवली गेली, त्यामुळे बंगाली इथली झाली आहे. आलूबोंडा आणि चहा घेताना हॉटेलवाल्याने विचारलं, "भामरागडला चालले का जी? मग टाकी इथंच भरून घ्या. आणि रोख पैसे ठेवा जवळ, पुढं मशीनचा भरोसा नाही." हा सल्ला मीही तसाच पुढे देतो.

आलापल्लीजवळ, सिरोंचाच्या दिशेला, वनखात्याने राखलेला ६ हेक्टरचा एक तुकडा आहे. त्याला वनवैभव म्हणतात. १९५३पासून तिथे कुऱ्हाड लागलेली नाही. २०१४मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. सहा हेक्टर म्हणजे काही फार नाही, अर्ध्या तासात फेरी होते. पण सरळसोट वर गेलेल्या सागाच्या, येनाच्या बुंध्यांखाली उभं राहिलं की पूर्वीचं जंगल कसं असेल याचा अंदाज येतो. वाढू दिलेलं झाड किती मोठं होतं हे आपण विसरत चाललो आहोत, म्हणून मुलांना तिथे जरूर न्यावं.

आलापल्ली ते भामरागड हा रस्ता साधारण ६५ किलोमीटरचा. पेरमिली, ताडगाव ही वाटेतली गावं. मध्ये बांडिया नदी लागते. जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडतं. गावाबाहेर मेलेल्यांच्या आठवणीत उभे केलेले दगड दिसतात, काही पुरुषभर उंचीचे. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करायचा, ही महापाषाण काळापासूनची मानली जाणारी रीत इथल्या माडिया आदिवासींनी आजपर्यंत चालू ठेवली आहे. पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणूनच इकडे येतात. जगात इतर ठिकाणी असे दगड कुंपणाआड जपून ठेवलेले असतात, इथे ते कुणाचे तरी आजोबा असतात. गाडीतून उतरून त्यांना हात लावू नये, टेकून फोटो तर मुळीच काढू नये.

हेमलकसा भामरागडच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर आहे. या गावाची कथाही एका सहलीतूनच सुरू झाली. १९७०च्या सुमारास बाबा आमटे मुलांना घेऊन भामरागडला फिरायला आले होते. अंगावर जेमतेम लंगोटी असलेले, परका माणूस दिसताच जंगलात पळून जाणारे माडिया लोक त्यांनी पाहिले आणि इथे काम उभं करायचं मनात घेतलं. त्या वेळी वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या प्रकाश आमट्यांनी ते काम आपण करू, असं वडिलांना सांगितलं. जमीन मिळायला काळ लागला. २३ डिसेंबर १९७३ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश शल्यचिकित्सेचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आले होते, डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात कित्येक महिने जगाशी संबंध नाही. सुरुवातीला पेशंटच येईनात, कारण औषध म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हतं आणि भाषा एकमेकांना कळत नव्हती. या दोघांनी माडिया शिकून घेतली. झाडाखाली, झोपडीत, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या. मोतीबिंदू, अस्वलाने फाडलेले चेहरे, अडलेल्या बायका, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया. पुस्तकात एका प्रकारचा डॉक्टर असतो, इथे एकाच माणसाला सगळ्या प्रकारचा डॉक्टर व्हावं लागलं.

आज तिथे सुसज्ज दवाखाना आहे. इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडातूनही लोक चालत येतात. आमची गाडी लागली तेव्हा आवारात झाडाखाली चुली पेटलेल्या होत्या. पेशंटबरोबर आलेलं कुटुंब तिथेच भात शिजवतं, तिथेच राहतं. आजारी माणसाला एकटं ठेवायचं नाही, ही इथल्या लोकांची पद्धत आणि दवाखान्याने ती मान्य करून आपली मांडणी केली. शहरातल्या मोठ्या इस्पितळांनी शिकावं असं बरंच इथे आहे. १९७६मध्ये सुरू झालेल्या आश्रमशाळेतली मुलं पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. १९९५मध्ये मोनॅको या देशाने आमटे दांपत्यावर टपाल तिकीट काढलं. १९८५मध्ये बाबांना मॅगसेसे मिळालं होतं, तेच २००८मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी यांना मिळालं. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा गेले. आता दिगंत, अनघा, अनिकेत, समीक्षा ही पुढची पिढी काम बघते.

प्रकल्पातल्या अनाथ प्राण्यांच्या गोकुळाची सुरुवात माकडाच्या एका पिल्लापासून झाली. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि पिल्लू तिला बिलगून दूध प्यायचा प्रयत्न करत होतं. प्रकाश आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. पुढे बिबटे, अस्वलं, तरस, मगरी, साप, मोर, हरणं असे अनाथ जीव येत गेले. ज्यांची शिकार पोटासाठी होत होती, त्यांचीच पिल्लं लोक स्वतःहून आणून द्यायला लागले. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत मोठी कमाई वाटते. कायद्याचा धाक न दाखवता, भुकेवर आधी उपाय करून हा बदल झाला. पाहुण्यांनी पिंजऱ्यांपाशी आरडाओरडा करू नये. कार्यकर्ते सांगतील त्या वेळी, तेवढंच बघावं. राहण्याची सोय प्रकल्पात आहे, पण ती आधी विचारून, ठरवून जाणाऱ्यांसाठी. सुट्टीच्या दिवसांत तिथे खूप गर्दी होते.

संध्याकाळी संगमावर गेलो. पर्लकोटा आणि पामुलगौतमी या दोन नद्या इथे इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशातल्या कालाहांडीत उगवते, जगदलपूरजवळ चित्रकोटला दरीत कोसळते, आणि इथे येईपर्यंत रुंद, संथ झालेली असते. पुढे ती सिरोंचाच्या पलीकडे गोदावरीत जाते. म्हणजे नाशिकला ज्या नदीत आपण दिवे सोडतो, तिच्याच पाण्यात हे पाणी मिसळतं. हिवाळ्यात पात्रात खडक उघडे पडतात, वाळूचे पट्टे दिसतात. एका खडकावर जाळं वाळत घातलं होतं. लाकूड कोरून केलेल्या डोंग्यातून एक म्हातारा आणि त्याचा नातू पलीकडे चालले होते. पलीकडचा काठ म्हणजे छत्तीसगड. सासर-माहेर दोन्ही काठांवर वाटलेलं असल्यामुळे इथल्या लोकांना ती राज्याची हद्द वाटत नाही.

पर्लकोट्याचा पूल ओलांडला की भामरागड. हा जुना पूल बुटका आहे. पाऊस जोरात झाला की पाणी पुलावरून वाहू लागतं आणि तालुक्याचं गाव तुटतं. इंद्रावती फुगली की ती उपनद्यांचं पाणी पुढे घेत नाही, ते मागे लोटलं जातं आणि थेट बाजारपेठेत शिरतं. २०१९च्या पावसाळ्यात हे वारंवार झालं, दुकानं छतापर्यंत बुडाली. नवा उंच पूल बांधायला घेतला गेला आहे. या गावाला कशाची सर्वांत जास्त गरज आहे असं कुणी विचारलं, तर इथला प्रत्येक माणूस आधी पुलाचं नाव घेतो.

गाव छोटं आहे. एक मुख्य रस्ता, तहसील, शाळा, दवाखाना, पोलीस ठाणं, किराणा, कापडाची दुकानं. बघण्यासारखा आहे तो आठवडी बाजार. डोंगरातल्या गावांतून लोक पहाटेच निघतात. बाया डोक्यावरच्या टोपलीत मोहफूल, टोळी म्हणजे मोहाचं फळ, चारोळी, चिंच, हरडा, बांबूच्या विणलेल्या वस्तू घेऊन येतात आणि मीठ, तेल, साबण, सुकी मासळी घेऊन जातात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की वर्षाचा रोख पैसा त्या दोन-तीन आठवड्यांत मिळतो. लाल मुंग्यांची चटणी पानावर मिळते, आंबट आणि झणझणीत. ती जरूर खावी. माडियांमध्ये नवं फळ, नवं धान्य पंडुम हा त्याचा सण झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आंबा पिकलेला दिसला तरी आधी देवाला, पूर्वजांना, मग माणसांना. जंगलाला पिकायला, बी धरायला वेळ देणारी ही रीत आहे, आणि ती कुठल्याही वनखात्याच्या नियमाहून जुनी आहे.

माडिया ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि कोलाम या इतर दोन. पण 'आदिवासी बघायला' भामरागडला येणाऱ्यांचा मला राग येतो. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्या आजींच्या अंगावरच्या गोंदणाचे, दागिन्यांचे फोटो न विचारता काढले जातात. आपल्या आजीचा असा फोटो कुणी परक्याने काढलेला आपल्याला चालेल का? 'जोहार' म्हणावं, दोन मिनिटं बसावं, काही विकत घ्यावं, भाव पाडू नये. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामुदायिक घरात, बोलावल्याशिवाय शिरू नये. मुलांना चॉकलेटं, पैसे वाटू नयेत. त्याने त्यांना हात पसरायची सवय लागते.

लोकांच्या मनातला प्रश्न सुरक्षिततेचा असतो, त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. चार दशकांहून जास्त काळ हा तालुका माओवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांच्या मध्ये सापडला होता. ८ ऑक्टोबर २००९ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. २०१८मध्ये बोरिया-कसनासूरला मोठी चकमक झाली. दोन्हीकडून संशयाखाली भरडले गेले ते गावकरी. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, आणि आता वातावरण पुष्कळ निवळलं आहे. हेमलकसा, संगम, भामरागड इथवर दिवसा प्रवास करायला अडचण नाही. लाहेरी, बिनागुंडा या आतल्या भागात धबधबे आणि डोंगर सुंदर आहेत, पण तिकडे जायचं तर आधी पोलीस ठाण्यात विचारावं आणि माहीतगार माणूस बरोबर घ्यावा. १९९७मध्ये जाहीर झालेलं भामरागड अभयारण्य १०४ चौरस किलोमीटरचं आहे, तिथेही वनखात्याच्या परवानगीनेच जावं.

परत येताना आष्टीहून चामोर्शीकडे वळून मार्कंडा बघितलं. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, काठावर हजारेक वर्षांपूर्वीचा मंदिरसमूह आहे. वीज पडून मुख्य मंदिराचं नुकसान झालेलं आहे, तरी भिंतींवरचं शिल्पकाम तासन् तास बघावं असं. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: जवळचं मोठं रेल्वे स्टेशन बल्लारशा, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. तिथून आलापल्ली आणि पुढे भामरागडपर्यंत एसटी जाते, अहेरी आगाराच्या गाड्या आहेत; पण स्वतःची गाडी असेल तर वाटेत थांबता येतं. चांदा, हेमलकसा आणि मार्कंडा असे मुक्काम धरले तर सलग सुट्टीचे चार दिवस पुरतात. मलेरियाचा मुलूख आहे, मच्छरदाणी न्या. मोबाइल बहुतेक ठिकाणी चालणार नाही, घरी तसं सांगून निघा. जून ते सप्टेंबर पर्लकोट्याच्या पुलाचा भरवसा नसतो आणि एप्रिल-मेमध्ये चांद्याचा पारा ४५च्या वर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच जाण्याचे दिवस.